चंदेरीची धार आणि दोर सांभाळणारी माणसे : ठाण्यातील एका गिर्यारोहण संस्थेच्या चढाईविषयी

कर्जतच्या लोकलने बदलापूर सोडले की उजवीकडच्या खिडकीतून माथेरानच्या रांगेतला एक उभा कातळमाथा आणि त्याला बिलगलेली अरुंद धार दिसू लागते. तो चंदेरी. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या हद्दीवरचा हा किल्ला उंचीने सुमारे 2,300 फूट, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने मध्यमच. परंतु वाटेतल्या गुहेच्या पुढचा टप्पा असा आहे की दोर, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा सुरक्षापट्टा) आणि जाणती माणसे सोबत नसतील तर सामान्य भटक्याने तेथे पाऊल ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गेली अनेक वर्षे मी गुहेपर्यंत जाऊन परत फिरत होते. या डिसेंबरात ठाण्यातील एका संस्थेबरोबर शिखरापर्यंत जाऊन आले. संस्थेविषयी माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या संस्थेलाही लेखी कळवल्या आहेत, म्हणून येथे तिचे नाव लिहीत नाही. परंतु अशा चढाईसाठी पैसे भरताना काय पाहावे, हे या अनुभवातून पुरेसे सांगता येईल.

शुल्क माणशी 1,300 रुपये होते. त्यात वांगणी स्थानकापासून चिंचवलीपर्यंतची रिक्षा, सकाळचे पोहे-चहा, गावातल्या घरी दुपारचे जेवण आणि सर्व तांत्रिक साहित्य येत होते. ठाण्याहून पहाटेच्या गाडीने निघून साडेसहाला आम्ही वांगणीला उतरलो. पोहे वेळेवर मिळाले, रिक्षाही तयार होत्या.

चिंचवलीपासूनची वाट आधी ओढ्याच्या कडेने आणि मग मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेल्या नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद, उभ्या घळीतून, म्हैसमाळ आणि चंदेरी यांमधल्या खिंडीकडे चढते. पावसाळ्यात ही नाळ वाहती असते. डिसेंबरात ती कोरडी असली, तरी वाळलेले गवत दगडांवर आडवे पडून तेलासारखे निसरडे होते आणि त्याखालचा मुरूम पायाबरोबर सरकतो. हा घसारा नवख्याला थकवतोच, शिवाय वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या अंगावर येण्याचा धोका येथे मोठा असतो. माझी पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार याच टप्प्यावरची आहे. तुकडीत 24 जण होते आणि हेल्मेटे 16. ती धारेजवळ वाटायची असल्यामुळे पाठपिशव्यांतच राहिली, आणि नाळेत मुठीएवढा एक दगड माझ्या खांद्याच्या वीतभर अंतरावरून गेला. ‘दगड!’ अशी हाक वरून वेळेवर आली, मी भिंतीला चिकटले, म्हणून काही झाले नाही. हेल्मेट दगडांसाठी असते, आणि दगड पडण्याची जागा जितकी धार असते तितकीच नाळही असते. हे ज्या संस्थेला ठाऊक आहे तिने माणसे 24 घेतली तर हेल्मेटेही 24 न्यायला हवीत. दुसरी तक्रार जाहिरातीची. त्यात या चढाईची श्रेणी ‘मध्यम’ लिहिली होती. गुहेपर्यंत ते मान्य करता येईल. शिखरासाठी ‘कठीण’ याखेरीज दुसरा शब्द लिहिणे ही दिशाभूल आहे, कारण श्रेणी वाचूनच घरी मुलांना परवानगी मिळते.

गुहेत शिवलिंग आहे, जवळच पाण्याचे टाके आहे. येथे अर्धा तास थांबून तुकडीच्या प्रमुखांनी प्रत्येकाला हार्नेस चढवून दाखवायला लावले आणि स्वतः प्रत्येकाच्या कमरेचा पट्टा ओढून पाहिला. ते उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून प्रशिक्षण घेतलेले आहेत, आणि त्यांच्या हातांच्या सवयींवरून ते ओळखू येत होते. अत्तर लावलेल्या दोघांना त्यांनी मान आणि मनगटे धुवायला लावली, कारण या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. मग त्यांनी सर्वांसमोर विचारले, ‘ज्यांना पुढे जायचे नाही त्यांनी आत्ताच सांगा, तिथे धारेवर गेल्यावर सांगू नका.’ चौघे गुहेत थांबले आणि त्यांच्यासोबत संस्थेचा एक कार्यकर्ताही थांबला. सुळक्याच्या ओढीने सगळे वर निघून जातात आणि थांबलेल्यांकडे कोणीच पाहत नाही, असे मी इतरत्र पाहिले आहे.

गुहेपासून कड्याच्या पोटातून आडवे जाऊन आपण एका कातळटप्प्याशी येतो. गिर्यारोहक ज्याला दृष्टिभय म्हणतात ते येथे सुरू होते : चढण्याच्या हालचाली तशा अवघड नसतात, पण पायांच्या मधून थेट खालची झाडी दिसते आणि गुडघ्यांतले बळ निघून जाते. प्रमुख आधी चढून गेले, वर अँकर, म्हणजे दोराचा पक्का आधार, बांधून त्यांनी प्रत्येकाला वरून बिले दिला, म्हणजे चढणारा निसटला तरी पडू नये असा दोर धरून ठेवला. मी अर्ध्यावर अडकले. पुढची खोबण दिसत नव्हती, म्हणून मी पोट, छाती, गाल सगळे कातळाला टेकवून उभी राहिले होते. वरून शांत आवाज आला, ‘ताई, कातळाला मिठी मारू नका. कंबर थोडी बाहेर काढा, म्हणजे तुम्हाला तुमचे पाय दिसतील.’ दरीकडे कंबर नेणे हे त्या क्षणी सर्वांत उलटे वाटणारे काम होते. ते केले आणि डाव्या पायाच्या पुढेच, गुडघ्याच्या उंचीवर, तळव्याचा पुढचा भाग मावेल एवढी पावठी दिसली. एका वेळी एकच हात किंवा पाय हलवायचा आणि बाकी तीन आधार पक्के ठेवायचे, हा नियम मी पंधरा वर्षे ऐकत आले होते. त्याचा अर्थ त्या दहा फुटांत कळला.

तेथून पुढे धार. रुंदी काही ठिकाणी जेमतेम दोन पावले, दोन्ही बाजूंना उतार नव्हे तर पोकळी. सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. त्यामुळे पाय ठेवायला कट्टे मिळतात, पण झिजलेल्या थरांचे तुकडे वरून भक्कम दिसूनही हातात निघून येतात. सहप्रमुख असलेली तरुणी प्रत्येक आधारावर आधी बोटांच्या पेरांनी ठोकून पाहत होती. दगडाचा आवाज भरीव आला तर पुढे, पोकळ आला तर ‘याला हात लावू नका’. धारेवर त्यांनी आधीच दोर ताणून बांधला होता. प्रत्येकाच्या हार्नेसला त्या दोरात अडकवायच्या दोन स्लिंग, म्हणजे मजबूत पट्ट्या, होत्या, आणि दोराच्या गाठीपाशी आले की दुसरी पलीकडे अडकवल्याशिवाय पहिली काढायची नाही, हे प्रत्येक गाठीवर उभा असलेला माणूस डोळ्यांनी पाहून मगच ‘चला’ म्हणत होता. या शिस्तीमुळे 20 जणांना धार ओलांडायला सव्वा तास लागला. काही जण कुरकुरले. मला तो सव्वा तास या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटला. मात्र तुकडी बाराची असती तर तीच काळजी घेऊनही उन्हात ताटकळावे लागले नसते.

माथ्यावर शिवाजी महाराजांची मूर्ती आहे. नमस्कार करून आम्ही वीस मिनिटे थांबलो. माथेरान, प्रबळगड, पेब, मलंगगड आणि दूरवर सिद्धगड असे सारे एका फेरीत दिसते.

उतरण्याविषयी लिहिणे अधिक गरजेचे आहे, कारण चढताना पुढचा आधार डोळ्यांसमोर असतो, तर उतरताना तो पायांनी चाचपून शोधावा लागतो. आमच्यातल्या एका महाविद्यालयीन मुलाने धारेच्या टोकाशी येऊन छायाचित्रासाठी स्लिंग काढायला घेतली. प्रमुखांनी त्याचे मनगट धरले, दोन्ही स्लिंग स्वतः तपासल्या, मोबाइल स्वतःच्या खिशात ठेवला आणि त्याला आपल्या पुढे घेऊन उतरवले. आवाज चढवला नाही. दुपारी चारला सगळे चिंचवलीत परतलो. जेवण पिठले, तांदळाची भाकरी आणि ठेचा असे होते. मावशींनी ते मनापासून वाढले, पण शेवटच्या सहा जणांपर्यंत भाकरी उरली नाही, आणि ही चूक संस्थेच्या मोजणीची आहे, मावशींची नाही.

पहिलाच डोंगर म्हणून चंदेरी निवडू नये. आधी माहुली किंवा गोरखगडासारखे दोन-तीन किल्ले झालेले असावेत, सोबत तीन लिटर पाणी आणि तळ न झिजलेले बूट असावेत, आणि पावसाळ्यात धारेचा विचारच करू नये. नोंदणीपूर्वी दूरध्वनीवर तीन गोष्टी विचाराव्यात : तुकडी कितीची, हेल्मेट प्रत्येकाला आणि नाळेपासून मिळेल का, आणि जे वर जाणार नाहीत त्यांच्यासोबत कोण थांबेल. माझ्या पत्राला संस्थेने चौथ्या दिवशी उत्तर दिले. जाहिरातीतली श्रेणी बदलली आहे, हे मी पाहिले. जानेवारीच्या तुकडीत 14 जणच घेऊ आणि चिंचवलीतच सर्वांना हेल्मेट देऊ, असे त्यांनी लिहिले आहे. त्या तुकडीत मी माझ्या भाचीचे नाव नोंदवले आहे.