एक्सटी की व्हेप? आयएसएलच्या मोफत डेटावर आक्रमण आणि बचाव मोजताना

फुटबॉलमध्ये शॉटच्या आधीच्या खेळाला किंमत लावायची ठरवली की फिरून फिरून दोनच नावं समोर येतात: एक्सटी (एक्स्पेक्टेड थ्रेट, म्हणजे बॉल कुठे आहे यावरून गोलाची शक्यता) आणि व्हेप (एकेका कृतीने गोलाची शक्यता किती बदलली याचं माप). एक्सजी, म्हणजे शॉटचा गोल होण्याची शक्यता, अंगवळणी पडलेलं आहे, पण ‘गोल कुणी मारला’ याच्या पुढे जाऊन ‘बॉल तिथवर कुणी नेला आणि कुणी अडवला’ हे आकड्यांत हवं आहे, अशांना यातलं एक निवडावं लागतं. दोन्ही चालवायला कुणाची बंदी नाही. पण आठवड्याला दोन सामने आणि विश्लेषक एकटा, अशी अवस्था असेल तर एकाचंच नीट सांभाळून होतं.

तुलना आपल्या जवळच्या डेटावर केलेली बरी. स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉल डेटा कंपनीने २०२१-२२ च्या आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अख्खा इव्हेंट डेटा, म्हणजे मैदानावरच्या एकेका कृतीची नोंद, मोफत खुला केला आहे. ११० साखळी सामने आणि बादफेरीचे ५, एकूण ११५. करोनामुळे तो मोसम सगळाच्या सगळा गोव्यात झाला: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. त्यामुळे ‘होम’ आणि ‘अवे’ हे शिक्के नावापुरते, आक्रमणाची दिशा फिरवण्याइतकाच त्यांचा उपयोग. घरच्या मैदानाचा फायदा म्हणून कुणी मॉडेलात वेगळा रकाना घालत असेल तर या मोसमापुरता तो काढलेला बरा. तसंच हैदराबाद-केरळ ब्लास्टर्स अंतिम सामना १-१ असा सुटून पेनल्टी शूटआउटवर गेला होता. शूटआउट डेटात पाचवा पिरियड म्हणून येतो. तो आधीच गाळा, नाहीतर त्या पेनल्टी खऱ्या गोलांच्या हिशेबात घुसतात.

एक्सटीचं गणित वहीवर मांडता येतं. मैदानाचे १६ गुणिले १२ म्हणजे १९२ चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनातून किती वेळा शॉट घेतला जातो, त्या शॉटचा गोल किती वेळा होतो, किती वेळा बॉल दुसरीकडे हलवला जातो आणि हलवला तर कुठल्या चौकोनात सुखरूप पोचतो, ही चार प्रमाणं मोजायची. चौकोनाची किंमत म्हणजे तिथून थेट गोल होण्याची शक्यता अधिक बॉल पुढे जिथे पोचेल त्या चौकोनांची किंमत. सगळ्या चौकोनांची किंमत शून्य धरून हे समीकरण चार-पाच वेळा फिरवलं की आकडे स्थिरावतात. विश्लेषक सारा रड यांनी २०११ मध्ये मार्कोव्ह साखळीवर (आत्ताच्या स्थितीवरूनच पुढची शक्यता काढणारं गणित) हीच वाट दाखवली होती, करुण सिंग यांनी ती सोपी करून घरोघरी पोचवली. पास ०.०२ च्या चौकोनातून निघून ०.०९ च्या चौकोनात पोचला तर पास देणाऱ्याच्या नावावर ०.०७. एवढंच.

व्हेपचा पसारा मोठा. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये तो मांडला. प्रत्येक कृती आणि तिच्या आधीच्या दोन, अशा तीन कृती एकत्र बघायच्या. त्यांची जागा, अंतर, कोन, मधला वेळ, निकाल, कुठल्या अवयवाने खेळलं, त्या क्षणाचा गोलफरक असं सगळं मॉडेलला द्यायचं. मॉडेल दोन: पुढच्या दहा कृतींत आपण गोल करू का, आणि पुढच्या दहा कृतींत गोल खाऊ का. कृतीमुळे पहिली शक्यता जितकी वाढली त्यातून दुसरी जितकी वाढली ती वजा केली की किंमत हातात येते. पास, शॉट, टॅकल, फाउल, गोलकीपरचा सेव्ह, सगळ्यांना एकाच मापात तोलता येतं, आणि फसलेल्या पासला दंडही बसतो. कागदावर व्हेप सरस आहे यात वाद नाही.

आक्रमणापुरतं बघायचं तर एक्सटीचे दोष लपत नाहीत. बॉल कुठे पोचला एवढंच त्याला दिसतं. समोर चार बचावपटू उभे होते की पेनल्टी बॉक्स रिकामा होता, हे कळत नाही. शिवाय फसलेला पास मूळ पद्धतीत शून्यावर सुटतो. म्हणजे दहा वेळा क्रॉस मारून दोनदाच साधणारा विंगर दोन यशांची कमाई खिशात घालतो आणि आठ वेळा बॉल गमावल्याचं बिल कुणालाच जात नाही. यावर उपाय सोपा आहे. पास फसला की सुरुवातीच्या चौकोनाची किंमत वजा करा, आणि बॉल जिथे गेला त्याच्या आरशातल्या चौकोनाची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नजरेतल्या त्या जागेची, किंमतही वजा करा. स्टॅट्सबॉम्बच्या १२० गुणिले ८० मैदानावर आरशातला बिंदू म्हणजे १२० वजा एक्स (लांबीवरची जागा) आणि ८० वजा वाय (रुंदीवरची). एवढं केलं की क्रॉसबहाद्दरांची यादी बरीच ताळ्यावर येते.

दुसरी अडचण म्हणजे ११५ सामने १९२ चौकोनांना पुरत नाहीत. बॉक्सच्या कडेच्या एखाद्या चौकोनातून मोसमभरात दोनच शॉट गेले आणि त्यातला एक लागला तर तिथली गोलशक्यता ०.५ निघते, आणि मग सगळ्या मैदानाचे आकडे त्या चौकोनाकडे कलतात. यावर चौकोन १२ गुणिले ८ करा, किंवा गोल मोजण्याऐवजी त्या चौकोनातल्या शॉटच्या एक्सजीची सरासरी घ्या. प्रत्येक शॉटला एक्सजी डेटातच जोडलेला असतो. माझी पसंती दुसऱ्या उपायाला. नकाशा डोळ्यांनीच गुळगुळीत दिसायला लागतो.

आता बचाव. इथे व्हेपने बाजी मारायला हवी होती, आणि माझ्यापुरता निकाल लागला तो इथेच, पण उलट बाजूने.

एक प्रसंग घ्या. फुलबॅक गोलरेषेपर्यंत पोचला, त्याने कटबॅक मारला, म्हणजे तिथून बॉल मागे बॉक्समध्ये दिला, सेंटरबॅकने पाय घालून तो तोडला. गॅलरीतला कुणीही म्हणेल, गोल वाचवला. डेटात याच्या दोन ओळी होतात: आधी पास, निकाल ‘फसला’, आणि मग इंटरसेप्शन. व्हेप ओळीओळीने किंमत काढत जातं. पहिली ओळ वाचतानाच पास फसल्याचं मॉडेलला कळलेलं असतं, कारण निकालाचा रकाना त्याच ओळीत आहे. आक्रमक संघाची गोलशक्यता तिथेच कोसळते आणि तो सगळा तोटा फुलबॅकच्या खात्यावर पडतो. सेंटरबॅकची ओळ येईपर्यंत धोका टळलेलाच असतो. त्याच्या वाट्याला उरतो तो चुरा. ड्रिबलवर येणाऱ्याला टॅकल करून अडवलं तरी तेच: आधी ‘ड्रिबल फसलं’, मग टॅकल. चांगला बचाव म्हणजे समोरच्याची चूक, असाच हिशेब होऊन बसतो.

मॉडेल काही चुकीचं करत नाही, ओळींचा क्रमच तसा आहे. निकालाचा रकाना लपवून बघता येतं, पण मग पासची स्वतःची किंमत धूसर होते. फसलेला पास आणि इंटरसेप्शन यांची जोडी लावून दंडातला अर्धा वाटा बचावपटूला द्या, असंही करतात. अर्धाच का, याला मात्र कुणाकडे उत्तर नाही.

त्यावर कडी म्हणजे प्रेसिंग. स्टॅट्सबॉम्ब प्रतिस्पर्ध्यावर टाकलेल्या दबावाची प्रत्येक नोंद वेगळी ठेवतं, आणि या डेटाचं खरं वैभव तेच आहे. पण व्हेप चालवायला डेटा आधी स्पॅडल नावाच्या समान साच्यात बसवावा लागतो, आणि सॉकरअ‍ॅक्शन या पायथन लायब्ररीत रूपांतर करताना दबावाच्या नोंदी गळून पडतात. पुढे धावून सेंटरबॅकला उंच बॉल मारायला भाग पाडणाऱ्या स्ट्रायकरचं काम हिशेबात येतच नाही.

तिसरी गोष्ट थोडी किचकट, पण सगळ्यात जास्त नडणारी. स्पॅडलमध्ये एका सामन्याच्या साधारण दोन हजार कृती होतात. सामन्यात दोन-तीन गोल धरले, तर ‘पुढच्या दहात गोल’ असा शिक्का जेमतेम शंभरातल्या एखाद्या कृतीला मिळतो. ‘गोल खाल्ला’ हा शिक्का त्याहूनही दुर्मीळ, कारण गोलाआधीच्या दहा कृतींतल्या बहुतेक गोल करणाऱ्या संघाच्याच असतात. म्हणजे बचाव ज्या मॉडेलवर उभा आहे त्यालाच शिकायला सगळ्यात कमी उदाहरणं मिळतात. एकट्या आयएसएल मोसमावर शिकवलं तर रँडम सीड (मॉडेल शिकताना होणाऱ्या यादृच्छिक निवडी ठरवणारा आकडा) बदलून पुन्हा चालवताच बचावपटूंची क्रमवारी हलते. आक्रमणाची यादी त्यामानाने जागच्या जागी राहते. ज्या यादीतला चौथा माणूस उद्या अकरावा होऊ शकतो, ती कोचपुढे ठेवायला माझा हात धजत नाही.

अर्थात एक्सटी बचावात एकेका खेळाडूला तोलू शकतं असं मी म्हणत नाही. नाहीच तोलू शकत. पण ते तसा दावाही करत नाही, आणि संघाच्या पातळीवर जे देतं ते लगेच कामाला येतं. प्रतिस्पर्ध्याने आपल्याविरुद्ध कमावलेला एक्सटी त्यांच्या बॉल सुटलेल्या चौकोनानुसार जमा करा आणि मैदानाच्या पाच उभ्या पट्ट्यांत वाटा. डाव्या फुलबॅकच्या पाठीमागून दर सामन्याला किती गळती होते, हे पहिल्या नजरेत दिसतं. कोचला ‘दुसऱ्या पट्टीतून येताहेत’ एवढं सांगितलं की पुढचा सराव तो स्वतः आखतो.

प्रेसिंगसाठी जोडीला पीपीडीए ठेवा, म्हणजे आपण एक बचावकृती करेपर्यंत प्रतिस्पर्धी किती पास खेळतो. प्रतिस्पर्ध्याचे पास त्याच्या बाजूच्या साठ टक्के मैदानातले धरायचे, आणि बचावकृती म्हणजे टॅकल, इंटरसेप्शन, हुकलेलं आव्हान आणि फाउल, त्याच पट्ट्यातल्या. घोळ होतो तो इथे: स्टॅट्सबॉम्बमध्ये दोन्ही संघ आपापल्या नोंदीत डावीकडून उजवीकडेच खेळतात. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या पासला एक्स ७२ पर्यंत, पण आपल्या बचावकृतीला एक्स ४८ पासून पुढे, अशी चाळणी लावावी लागते. दोन्हीला एकच आकडा लावला तर मागे बसून खेळणारा संघ कागदावर प्रेस करताना दिसतो. हुकलेलं आव्हान या डेटात ‘ड्रिबल्ड पास्ट’ नावाने येतं, आणि टॅकल ‘ड्युएल’ या प्रकाराच्या पोटात. या दोन्ही नोंदी शोधताना निसटतात आणि पीपीडीए उगाच फुगतो. त्यानंतर दबावाच्या नोंदी घ्या आणि दबावापासून पाच सेकंदांत बॉल आपल्याकडे आला का, एवढं मोजा. व्हेप टाकून देतं ते इथे वसूल होतं.

दिशेचा घोळ एक्सटीलाही चुकत नाही. सॉकरअ‍ॅक्शन डेटा फिरवून घरच्या संघाला डावीकडून उजवीकडे आणि पाहुण्यांना उलट खेळवतं. चौकोन मोजण्याआधी सगळ्यांना परत एका दिशेला वळवणारं फंक्शन चालवलं नाही, तर नकाशात दोन्ही टोकांना गोल उगवतात. लक्षण ओळखायला सोपं: आपल्याच गोलरक्षकासमोरचा चौकोन लालभडक दिसतो. शिवाय स्टॅट्सबॉम्बचा वाय अक्ष वरून खाली जातो, स्पॅडलचा खालून वर. डेटा थेट उचलून नकाशा काढला तर डावा विंगर उजवीकडे खेळताना दिसेल. स्टॅट्सबॉम्बची ‘कॅरी’ स्पॅडलमध्ये ‘ड्रिबल’ होते आणि तिथलं ‘ड्रिबल’ इथे ‘टेक-ऑन’ होतं, हेही आधीच लिहून ठेवा. हे सगळं दोन्ही पद्धतींना सारखंच लागू. फरक इतकाच की एक्सटीत चूक नकाशावर दिसते, व्हेपमध्ये ती आकड्यात मुरते.

ज्यांच्याकडे विकतचा डेटा नाही, म्हणजे गोवा प्रोफेशनल लीगमधले किंवा मुंबईच्या स्थानिक स्पर्धांतले बहुतेक क्लब, त्यांच्यासाठी प्रश्न जवळपास सुटलेलाच आहे. व्हिडिओ बघून हाताने नोंदी करायच्या तर एक्सटीला सुरुवातीचा चौकोन, शेवटचा चौकोन, खेळाडू आणि जमला की फसला, एवढेच चार रकाने लागतात. शॉट आणि बॉल हिसकावल्याच्या जागा जोडल्या की झालं. चौकोनांचे आकडे आयएसएलच्या डेटावरून काढून एका शीटमध्ये ठेवायचे आणि इंडेक्स फॉर्म्युल्याने उचलायचे. व्हेपला सामन्यातली प्रत्येक कृती क्रमाने आणि वेळेसकट लागते. मधल्या चार नोंदी राहिल्या तर आधीच्या दोन कृतींचा संदर्भच बदलतो.

तरीही व्हेप घेण्यासारखी एक जागा आहे: मोठ्या डेटावर, अनेक लीगमधून खेळाडू हेरायचे असतील आणि हाताशी विकतचा डेटा असेल, तेव्हा. गोलरक्षकाचं पायाने खेळणं, धोक्याचा पास देऊन फसणारा मध्यरक्षक, अशा गोष्टी एक्सटीला सुचतही नाहीत. मग मात्र मॉडेल एकट्या आयएसएलवर शिकवू नका. स्टॅट्सबॉम्बच्याच मोफत साठ्यात २०१५-१६ च्या पाच मोठ्या युरोपीय लीगचे संपूर्ण हंगाम आहेत, मिळून सुमारे १,८०० सामने. त्यांवर शिकवा, आयएसएलवर फक्त लावा, आणि शक्यता दहा गटांत पाडून प्रत्येक गटात खरे गोल तितकेच झाले का ते तपासा. गोलफरकाचे रकाने आधीच काढून टाका, नाहीतर आघाडीवरच्या संघाचा साधा पासही महाग होतो. सीड बदलून निदान पाच वेळा चालवा, खेळाडूची क्रमवारी न देता पाचही वेळांतली खालची-वरची मर्यादा द्या, आणि ‘डिफेन्सिव्ह व्हॅल्यू’ नावाचा रकाना बचावाचं माप म्हणून कुणाला पाठवू नका. गोल खाण्याची शक्यता कमी करणारा साधा सुरक्षित पासही त्यात जमा होतो.