अध्यक्षांच्या सह्या तपासायचं भिंग: दिवाळीपासून आत्तापर्यंत

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, त्यात एक पांढरा दिवा आणि एक ३६५ नॅनोमीटरचा अतिनील. अमेरिकी अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नींच्या सह्या जमवतो, म्हणून दिवाळीत घेतलं. पैसे वसूल झाले, पण ते भिंगामुळे. अतिनील दिव्याचं कौतुक जरा जास्तच होतं.

अँड्र्यू जॉन्सनचंच घ्या. उजव्या हाताला दुखापत होती, त्यामुळे अध्यक्षपदावर असताना पुष्कळ कागदांवर त्याने सहीचा शिक्का वापरला. नुसत्या डोळ्यांना ती सही बेमालूम वाटते. भिंगाखाली मात्र शाई रेघेच्या कडांना साचलेली दिसते. निबाची सही वेगळीच: दाब पडला की रेघ फाकते, दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे शाई गडद होते. केनेडीच्या काळातली ऑटोपेनची (पेन धरून सही हुबेहूब उतरवणाऱ्या यंत्राची) सही तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, निर्जीव.

पत्नींच्या सह्यांसाठी मी पाकिटं शोधतो. अध्यक्षांच्या विधवांना काँग्रेस (अमेरिकी संसद) टपाल माफ करत असे (पहिली मार्था वॉशिंग्टन, १८०० मध्ये), आणि तिकिटाच्या जागी त्यांची सही चाले. १९६३ मध्ये केनेडीची हत्या झाल्यानंतर जॅकलिन केनेडीकडून सांत्वनपत्रांना गेलेल्या आभाराच्या पाकिटांवर मात्र ती सही छापील आहे. तरी विकणारे 'हस्ताक्षर' म्हणून खपवतात. भिंग लावलं की क्षणात कळतं.

अतिनील दिवा सांगतो तो कागद. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर पेटतात. 'एक्झिक्युटिव्ह मॅन्शन' (व्हाइट हाउसचं जुनं नाव) छापलेलं, एकोणिसाव्या शतकातली अध्यक्षपत्नी फ्रान्सेस क्लीव्हलँडच्या सहीचं कार्ड असं पेटलं तर सरळ परत करा. नाही पेटलं म्हणून हुरळूनही जाऊ नका. जुन्या पुस्तकाचं कोरं पान फाडून त्यावर सही ठोकणारे महाभाग आहेत.

आणि जिथे हे यंत्र साफ गंडतं ते म्हणजे जमिनीच्या सनदा. १८३३ पासून अध्यक्षांच्या नावाने त्यांवर सचिव सही करत. लिंकनच्या नावाची सनद भिंगाखाली धरली तर शाई खरी, निब खरा, कागद त्याच काळातला; फक्त हात कारकुनाचा. तिथे आधी साल बघायचं, भिंग खिशातच.

तक्रार एकच: बटण फार हलकं आहे. पिशवीत आपोआप दाबलं जातं आणि ऐन प्रदर्शनात बॅटरी संपलेली असते. अतिनील प्रकाशाने शाई उडते, म्हणून तो दिवा दोन-चार सेकंदांपलीकडे लावत नाही.