खराब निघालेला माल आणि पैसे परत न देणारं दुकान: कुठला रस्ता धरावा?

पाडव्याच्या सकाळी श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा फ्रीजमधून काढला तर झाकण वर फुगलेलं. उघडल्यावर दारूसारखा वास. वापरण्याची मुदत संपायला अजून नऊ दिवस होते. बिल घेऊन दुकानात गेले, तर काउंटरवरच्या मुलाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. घरी पाहुणे खोळंबले होते, म्हणून मी मागे फिरले. डबा मात्र कचऱ्यात टाकला नाही. झाकण बंद करून, पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्येच ठेवला.

त्या पाटीला घाबरायचं कारण नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत न घेणं आणि तिचे पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, छापली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत द्यावे लागतात. चव आवडली नाही किंवा जास्त आणलं गेलं, म्हणून मात्र हा हक्क मिळत नाही. माल खराब निघालेला हवा.

आता कुठे जायचं, हे तुम्हाला काय हवं आहे त्यावर ठरतं. पैसे परत हवेत, की तो माल दुकानातून हटायला हवा? लोक या दोन गोष्टी एकच समजतात आणि चुकीच्या दारात महिनाभर थांबतात.

नुसते पैसे हवे असतील तर सुरुवात मालकापासून करा, आणि लेखी करा. साध्या कागदावर तारीख, बिल नंबर, पाकिटावरचा बॅच नंबर आणि काय खराब होतं ते लिहायचं. दोन प्रती काढायच्या आणि एकीवर पोच घ्यायची. काउंटरवरच्या पोराशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, त्याच्या हातात काहीच नसतं. माल ऑनलाइन मागवला असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याला ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं.

तिथे जमलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फोन फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. मोठ्या साखळी दुकानांसाठी आणि ऑनलाइन किराण्यासाठी मला हा सगळ्यात सोपा रस्ता वाटतो, कारण अशा अनेक कंपन्या हेल्पलाइनशी थेट जोडलेल्या आहेत. गल्लीतल्या दुकानदारावर मात्र तिचा फारसा जोर चालत नाही. हेल्पलाइन समेट घडवते, हुकूम काढत नाही.

हुकूम हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. लोक याला उगाच बिचकतात. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य आहे, वकील लागत नाही आणि तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. वस्तूच्या किमतीबरोबर मनस्ताप आणि खर्चाची भरपाईही मागता येते. तरीही १६० रुपयांच्या डब्यासाठी मी तिथे जाणार नाही. कायद्यात तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं म्हटलं आहे, पण प्रत्यक्षात बरेचदा जास्त वेळ जातो. शिवाय दोष डोळ्यांना दिसत नसेल तर तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. बुरशी किंवा अळी फोटोत दिसते, आंबलेपण दिसत नाही. खाऊन घरातलं कुणी आजारी पडलं असेल तर मात्र गोष्ट निराळी. तेव्हा डॉक्टरांचे कागद, औषधांची बिलं आणि उरलेला माल घेऊन आयोगातच जावं.

आणि अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपल्या बोलण्यातलं एफडीए. महाराष्ट्रात त्यांचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५ आहे. ते तुमचे पैसे मिळवून देत नाहीत, दंड झाला तरी तो सरकारजमा होतो. पण दुकानात येऊन नमुना उचलायचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आहे, तो हेल्पलाइनला नाही. तक्रारीत दुकानाचा चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक लिहा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. तुम्ही स्वतःही अन्न विश्लेषकाकडून फी भरून तपासणी करून घेऊ शकता, आणि माल नियमबाह्य ठरला तर ती फी परत मिळते. अट एवढीच की तपासणीचा इरादा दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगावा लागतो. म्हणजे घरी आणून उघडलेल्या डब्याला ही सोय लागू होत नाही, पण शेल्फवर त्याच बॅचचा दुसरा डबा असेल तर तो सांगून विकत घेता येतो.

कागदपत्रं कशी मांडायची हेच कळत नसेल तर आधी एखाद्या ग्राहक संघटनेत जाऊन या. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करते आहे.

रस्ता कुठलाही धरा, पहिल्या तासात काय करता ते महत्त्वाचं. पाकीट, तारीख आणि बॅच नंबरचे फोटो काढा, बिलाचाही काढा, कारण थर्मल कागदावरची छपाई हळूहळू उडते. माल थंडच ठेवा, नाहीतर तो तुमच्याकडे खराब झाला असं दुकानदार म्हणणार आणि ते खोडून काढणं अवघड जातं.

मी पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी पत्र घेऊन थेट मालकांना भेटले. त्यांनी ते दोनदा वाचलं, पोच दिली आणि गल्ल्यातून १६० रुपये काढून दिले. पैसे घेताना मागच्या फ्रीजकडे नजर गेली. त्याच बॅचचे आणखी चार डबे तिथे होते, त्यातल्या दोघांची झाकणं फुगलेली. मालकांना ते दाखवले तर म्हणाले, "बघतो." घरी येऊन मी एफडीएला फोन लावला.