कुलरले गवत का हनीकॉम्ब? खारपाणपट्टेवाल्यांनी आधी हे वाचा

राजेहो, मार्च लागला की दरसाल हाच घोर, की यंदाही गवतच बदलावं का एकदाचं हनीकॉम्ब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या घरांची कागदी जाळी, बसवून मोकळं व्हावं. आमच्या घरी दोन कुलर, एकात हे, एकात ते, असे तीन उन्हाळे काढले, त्याच्यावरून सांगतो.

कोरं हनीकॉम्ब थंडाव्यात पुढेच आहे, खोटं कशाले बोलू. सगळा खेळ पाणी वाफ होऊन उडण्याचा. एक लिटर पाणी उडताना हवेतली जवळपास 2400 किलोज्यूल उष्णता ओढून नेते, अन् किलोभर बर्फ वितळताना फक्त 334, म्हणून टाकीत बर्फाची लादी सोडणाऱ्या आमच्या मोठ्या भावाले सांगून सांगून मी थकलो. ताटी, म्हणजे कुलरची गवत नाहीतर हनीकॉम्ब भरलेली बाजू, पूर्ण ओली पाहिजे अन् हवाही मोकळी गेली पाहिजे, हनीकॉम्बात दोन्ही जमते. गवत महिन्याभरात खाली बसते, वर चार बोटं फट पडते अन् तिथून झळ सरळ अंगावर. त्याचा कचरा पंपात अडकते ते वेगळंच.

मंग अडलं कुठं? तर पाण्यात. आपलं गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं, बोअरचं पाणी खारं. उडून जाते ते नुसतं पाणी, खार मागंच राहते. रात्रीतून 40 लिटरची टाकी तळाले जाते, म्हणजे तेवढ्या पाण्यातला सगळा खार ताटीत नाहीतर टाकीत. पहिल्याच नवतप्यात, म्हणजे मे सरतानाच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हनीकॉम्बच्या घरांत पांढरी खपली धरली, दुसऱ्या वर्षी अर्धी घरं बुजली, पंखा नुसता बोंबलते पण हवा नाही. ब्रशनं घासलं तं पापुद्रे सुटले, शेवटी तो कागदच. तेवढे पैसे घालून हे पाहाचं म्हणजे जीव जळते हो.

गवतही खारानं कडक होते, नाही असं नाही, पण जूनमध्ये उपसून उकिरड्यावर फेकलं की विषय संपला.

तुमच्याकडे नळाचं गोडं पाणी असन तं हनीकॉम्बच घ्या बावा, माझं ऐकू नका, फक्त आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करत जा. पावसाळ्यात मात्र दोन्ही सारखेच निकामी, हवाच ओली, पाणी उडन कुठं?

मी परवाच गवत आणून ठेवलं, मधल्या ताटीत मूठभर वाळा घालाचा आहे, वासासाठी.