भाषण ऐकायला शिकवणारी कार्यशाळा, लातूर : दोन रविवारचा अनुभव

भाषण करायला शिकवणारे क्लास आपल्या लातुरात गल्लोगल्ली आहेत, पण ऐकलेलं भाषण तपासायचं कसं हे शिकवणारं मला तरी पहिल्यांदाच दिसलं, म्हणून 600 रुपये भरून दोन रविवार जाऊन आले. मी शाळेत शिकवते, वक्तृत्व स्पर्धेला दरवर्षी परीक्षक म्हणून बसते, आणि दरवर्षी जे लेकरू हात उगारून मोठ्यानं बोलतं त्यालाच पहिला नंबर जातो, हे लई दिवसांपासून मनाला टोचत होतं.

शिकवणारे सर रिटायर्ड आहेत, शिकवणं मात्र एकदम ताजं. पहिल्याच तासाला एका सभेतला मोबाईलवर काढलेला तुकडा लावला, वक्त्याचं नाव सांगितलंच नाही. "सोयाबीनचा हमीभाव दुपटीला टेकला!" आणि टाळ्याच टाळ्या. सर म्हणाले, आता टाळ्या बाजूला काढा आणि वाक्य तेवढं वहीत लिहा. मग फळ्यावर दोन आकडे मांडले, 2013-14 ला क्विंटलला 2560 आणि 2024-25 ला 4892. म्हणजे वाक्य खोटं नाही, दुपटीच्या जवळ आहेच, पण ते 11 वर्षांत, वर्षाला धरलं तर साधारण 6 टक्के. त्याच 11 वर्षांत मजुरी, खत, फवारणी कुठं गेली ते वाक्यात कुठंच नाही. माझ्या शेजारी औशाकडचे एक काका होते, ते उठले, "सर, हमीभाव ठीकय, पण 2024 च्या सीझनला मोंढ्यात सौदा त्याच्या खालीच निघत होता की वो, त्याचं काय?" सरांनी तेपण फळ्यावर लिहिलं. कधीपासून, कशाच्या तुलनेत, आणि हातात खरंच किती पडलं, हे तीन प्रश्न आता माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर आहेत.

दुसरा रविवार मला जास्त आवडला. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी केलेलं भाषण मराठीत छापून दिलं होतं, आणि एका कॉलेजच्या मुलीला सांगितलं, कुठंही आवाज न चढवता सपाट वाच. तिनं यादी वाचावी तसं वाचलं. तरी हॉलमधे कुणी हललं नाही. संविधानाला कम्युनिस्टांचा आणि समाजवाद्यांचा विरोध होता, त्यांचं म्हणणं काय हे बाबासाहेब आधी सांगतात आणि मग उत्तर देतात. मसुद्याचं श्रेय एकट्यानं घेत नाहीत, संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव आणि मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी यांची नावं घेऊन देतात. 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता असंल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती तर तोंडावर सांगतात, स्वतःच्याच कामाच्या शेवटी! आणि राजकारणातली विभूतिपूजा देशाला हुकूमशाहीकडं नेते हा इशारापण त्याच भाषणात आहे, म्हणजे बोलणारा आपला कितीही आवडता असला तरी तपासायचंच. सपाट वाचून काय उरतं ते बघा, ही एवढी एक गोष्ट शिकायला मिळाली तरी माझे पैसे वसूल.

भावना आली की भाषण खोटं, असंही सर म्हणत नाहीत. त्याच काकांनी 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाच मिनिटं सांगितली, आवाज भरून आला होता, आणि सर म्हणाले हे डोळ्यांनी बघितलेलं आहे, हा पुरावाच आहे.

आता तक्रारी. दोन्ही दिवस पाऊण तास उशिरा सुरुवात, वरती पत्रा, एकच पंखा, झेरॉक्स इतकी पुसट की आकडे वाचता येईनात. पण खरा राग आला तो शेवटी दिलेल्या, भाषणाला गुण द्यायच्या गुणपत्रिकेचा. आवाज-हावभाव 40, मांडणी 30, पाठांतर 20 आणि माहितीचा खरेपणा फक्त 10! दोन दिवस जे शिकवलं त्याच्या बरोबर उलट. मी सरांना तिथंच बोलले, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण बदलतो म्हणाले नाहीत.

आमच्या शाळेत यंदा मी ती बदलून वापरली, खरेपणाला आणि कारणं देण्याला मिळून 50 ठेवले. आठवीतली एक मुलगी लातूरच्या पाण्यावर बोलली, आवाज बारीक, हात बाजूलाच. एप्रिल 2016 मधे मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली तेव्हा 10 वाघिणी (टाकीचे डबे) होत्या, साधारण 5 लाख लिटर, एवढं सांगून तिनं विचारलं की एवढ्या मोठ्या शहराला हे किती वेळ पुरणार, आणि तिथंच गणित करून दाखवलं. जुन्या कागदावर तिचा तिसरासुद्धा आला नसता, नव्यावर पहिली आली.

शिक्षकांनी आणि स्पर्धेच्या परीक्षकांनी तर नक्की जा. डायरी आपली घेऊन जा, पुढं पंख्याजवळ बसा, गुणपत्रिका मात्र घरी येऊन आपली आपण बनवा.