‘हाताने ट्रेस’च्या नावाखाली साडेतीन हजारांना गंडलो

माझं टी-शर्ट छपाईचं छोटं दुकान आहे. कॉलेजच्या पोरांनी स्वतः काढलेलं ॲनिमे वळणाचं एक पात्र आणून दिलं, साठ टी-शर्टांवर व्हायनल, म्हणजे रंगीत प्लास्टिकचा पातळ थर, कापून लावायचं होतं. चित्र म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरून आलेलं जेपीजी, रेषांच्या कडेला करडी घाण साचलेली. व्हायनल कापणाऱ्या प्लॉटर मशीनला व्हेक्टर लागतं, म्हणजे ठिपक्यांचं नाही, रेषांनी बनलेलं चित्र. सीझन चालू, बसून ट्रेस करायला, म्हणजे चित्रावरून रेषा नव्याने काढायला, वेळ नाही, म्हणून ऑनलाइन एकाला काम दिलं. ‘पेन टूलने, एकेक रेष हाताने’ असं छातीठोक सांगत होता. मी गाढवाने सगळे पैसे आधीच पाठवले.

फाइल आली, फोनवर पाहिली, एकदम चकाचक. कोरल या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून वायरफ्रेम केलं, म्हणजे रंग काढून नुसत्या रेषा पाहिल्या, तर एक रेष दिसेल तर शपथ! पोरांचं जेपीजीच उजळून सीडीआरमध्ये, म्हणजे कोरलच्या फाइलमध्ये, टाकलेलं. झापला, तर ‘सॉरी सर, चुकून दुसरी फाइल गेली’ म्हणत अर्ध्या तासात नवी पाठवली. तिथेच शंका यायला हवी होती.

प्लॉटर लावला. चेहऱ्याची बाह्यरेषा कशीबशी गेली, पण कपाळावरच्या बटांच्या टोकाशी पातं जागच्या जागी थरथरायला लागलं आणि व्हायनल उचकटून त्यालाच चिकटलं. थांबवलं, शेप टूलने त्या बटेवर क्लिक केलं. खाली आकडा: ६१२ नोड, म्हणजे रेष बांधणारे बिंदू! तीच बट रात्री मी हाताने काढली, सातात झाली. टोकाला एक टोकदार नोड, बाकीचे वळण फिरतं तिथेच. ॲनिमेची रेष मध्ये जाड, टोकांना निमुळती. नवी फाइल ऑटो ट्रेसची होती, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप काढलेली, आणि ऑटो ट्रेसला ती रेष म्हणून कळतच नाही. तो रंगांच्या कडा शोधतो, कडेची करडी घाणही त्याला आकारच वाटते. गालावरच्या सावलीभोवती तर असे केसाएवढे तुकडे, की चिमट्याने वेचताना डोळे गेले.

आता मी आधी फक्त एक डोळा ट्रेस करून मागतो, वायरफ्रेमच्या स्क्रीनशॉटसकट. टाळाटाळ झाली की नमस्कार.

पैसे मागितल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. परवा भाच्याच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसलं: आमच्या पोरांचंच पात्र, आणि खाली ‘शंभर टक्के हाताने’.