होम लोनच्या नावाखाली ७९,७१५ रुपयांना फसवलं, नाशिककरांनो सावध व्हा

लोन सँक्शन झाल्याचं पत्र आलं आणि त्यानंतर कोणी म्हणालं की आता एवढे भरा मग रक्कम सुटेल, तर तिथंच फोन कट करा. माझे ७९,७१५ रुपये असेच गेलेत आणि ते चोर अजून मोकाट आहेत.

पाथर्डी फाट्याला ४२ लाखांचा फ्लॅट, बिल्डरला ४,२०,००० दिलेले, लोन हवं होतं ३२ लाखांचं. इथल्याच एका सहकारी बँकेत फाईल टाकली होती. व्याजदर ९.२५ टक्के, दोन जामीनदार, ते पण नाशिकचेच पाहिजेत, आणि सभासद व्हायचं म्हणून कर्जाच्या अडीच टक्के म्हणजे ८०,००० चे शेअर्स. साहेब रजेवर, वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीची तपासणी, येईना, इकडे बिल्डरचा पैशांसाठी रोज फोन. अशात ऑनलाईन ७.६० ने मिळतंय, जामीनदार नको, सगळं घरबसल्या, तर कोण नाही जाणार सांगा? आणि मी डोळे झाकून गेलो नाही, कंपनीचं नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत बघितलं, होतं. नाव खरं होतं, माणसं खोटी. वेबसाईट हुबेहूब, पत्त्यात फक्त एक डॅश जास्त.

आधी लॉगिन फी, म्हणजे अर्ज दाखल करायची, ५,९००. खऱ्या बँकापण ही घेतात, म्हणून खटकलं नाही. मग प्रोसेसिंग ९,४४०, जीएसटीसकट, पावतीसकट. मग लोनचा विमा ३८,४००, म्हणे रिफंडेबल. इथं कळायला हवं होतं, इथंच. क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर कंपनीचं नाव आलंच नाही, कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं आलं. मी विचारलं सुद्धा! फोनवरची त्यांची बाई एकदम शांतपणे, सर तो आमचा कलेक्शन पार्टनर आहे, आज नाही भरलं तर सँक्शन लॅप्स होईल. डोक्यात बिल्डरची तारीख, आणि पिन टाकला. ते नाव अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्यानंतर पहिला हप्ता आगाऊ २५,९७५ घेतला आणि नंबर बंद.

सँक्शन लेटरवर रिझर्व्ह बँकेचा लोगो होता. रिझर्व्ह बँक कोणाचंही घरकर्ज मंजूर करत नाही, असा लोगो दिसला की पत्र खोटं समजा. दुसरं, त्यांनी एकदाही इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मागितला नाही, टायटल सर्च नाही, घराची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर साईटवर फिरकला नाही. ऑनलाईन लोन खरं असलं तरी ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट जमा करून घेतल्याशिवाय रक्कम सोडत नाहीत, घर तारण घेतात ना ते! ज्या कागदांसाठी मी सहकारी बँकेवर चिडत होतो ते मागणं हेच खऱ्या कर्जाचं लक्षण निघालं.

आता पुढची कथा ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला, तक्रार नंबर मिळाला. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, ओटीपी दिला का? नाही म्हटलं तर म्हणे मग तुम्हीच पाठवलेत ना पैसे. नंतर म्हणे तुमचं घर आमच्या हद्दीत येत नाही, तिकडे जा. तिकडचे म्हणे इकडे जा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावीच लागते, झिरो एफआयआर, हे मी त्यांना सांगायचं? माझ्या बँकेचं उत्तर, व्यवहार तुम्हीच ऑथराईज केलाय. खऱ्या कंपनीचं उत्तर, आमचा संबंध नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे लिहिलं तर समोरचा रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालचा नाही म्हणून तक्रार बंद. अरे तो चोर आहे, तो लायसन काढून चोरी करेल का? कर भरणाऱ्या माणसाला चेंडूसारखं इकडून तिकडे टोलवतात आणि कोणाला काही वाटत नाही.

की फॅक्ट स्टेटमेंट मागा, १ ऑक्टोबर २०२४ पासून घरकर्जालाही ते द्यावंच लागतं, सगळे चार्जेस त्यात लिहिलेले असतात, त्यात नाही ते भरू नका. कंपनीच्या शाखेत स्वतः जा, नंबर त्यांच्या खऱ्या साईटवरून घ्या, आलेल्या लिंकवरून नाही. पैसे गेले तर आधी १९३० लावा, पोलीस ठाणं नंतर, कारण मिनिटामिनिटाला पैसा पुढच्या खात्यात जातो. माझे २५,९७५ तेवढे होल्ड झालेत, ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात. बाकीचे ५३,७४० कुठे आहेत ते कोणीच सांगत नाही, आणि बिल्डरचं उशिराचं व्याज चालू झालंय.